मिस्त्रींची शपथ

"ईश्वरसाक्ष म्हणा," कारकून म्हणाला.

"ते नाही म्हणणार," मिस्त्री म्हणाले. "बाकी सगळं म्हणतो."

मी भिंतीलगतच्या बाकावर बसलो होतो. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. माझी नोकरी, बावीस वर्षांचं नाव, दोन वर्षांवर आलेली पेन्शन, सगळं या एका माणसाच्या जबानीवर टांगलेलं होतं आणि हा गृहस्थ पहिल्याच शब्दाला अडून बसला होता. खोली रुग्णालयाच्या ऑफिसची. टेबलापलीकडे अधीक्षक साहेब, त्यांच्या शेजारी रुग्णालयाचे वकील आणि कोपऱ्यात टाइप करायला कारकून. चौकशी माझ्यावर होती. मी लिफ्टमन, आणि दार उघडं ठेवून लिफ्ट चालवून एका बाईचा पाय मोडल्याचा माझ्यावर आरोप होता.

"का नाही म्हणणार?" वकिलांनी विचारलं.

"मी ईश्वर मानत नाही साहेब. जो नाही त्याला साक्षीला बसवून मी खरं बोलतो म्हणालो, तर पहिलंच वाक्य खोटं होईल."

वकिलांनी समोरचा कागद उलटून पाहिला. "तुमच्या नोकरीच्या कागदावर तर धर्म बौद्ध लिहिलाय."

"बरोबर लिहिलंय."

"मग बुद्धाला स्मरून म्हणा. आमची काही हरकत नाही."

"बुद्ध देव नव्हते. माणूस होते, शिकवून गेले. ते वर बसून माझ्यावर नजर ठेवत नाहीत."

"म्हणजे तुम्ही नास्तिक."

"म्हणा तसं."

"अहो, मग एक काय ते ठरवा! बौद्ध की नास्तिक?"

"दोन्ही," मिस्त्री म्हणाले. "मला तरी अजून अडचण आलेली नाही."

कारकून खाली मान घालून हसला. मला हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. हा वाद मी बावीस वर्षं ऐकत आलो होतो, नव्हे, घालत आलो होतो. पण त्याला काही वेळकाळ असावा की नाही?

आमची लिफ्ट म्हणजे स्ट्रेचर नेणारी, जुनी, लांबलचक पेटी. जाळीची सरकती दारं हाताने लावायची, मग बटण दाबायचं. ती चालवायची मी आणि तिची तब्येत राखायची मिस्त्रींनी. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये त्यांचं राज्य होतं. जमिनीवर तेलाचा डाग नाही, पाने आणि पक्कड आपापल्या खिळ्याला, आणि कोपऱ्यात एक स्टूल, जे त्यांनी माझ्यासाठी म्हणून कुठल्याशा वॉर्डातून पळवलं होतं. पळवलं म्हणजे रीतसर अर्ज करून आणलं होतं. मिस्त्रींना साधं पळवताही यायचं नाही.

दुपारी चारला माझी पंधरा मिनिटांची सुट्टी. मी थर्मास घेऊन वर जायचो आणि आमची जुंपायची. मी पक्का आस्तिक. माझ्या जागी कोणीही झाला असता. चौथ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर, आणि तळापासून तिथवर जायला लिफ्टला चाळीस सेकंद लागतात. त्या चाळीस सेकंदांत मी भल्याभल्यांना देवाचा धावा करताना ऐकलंय.

"एकदा या माझ्याबरोबर," मी त्यांना म्हणायचो, "आणि मग सांगा देव नाही म्हणून."

"ते देवाचं नाव घेतात तेव्हा तू काय करतोस?"

"मी? मी त्यांचा हात धरतो."

"झालं तर मग," असं म्हणून ते कपात चहा ओतून घ्यायचे. 

दर रविवारी सकाळी ते विहारात जाऊन तासभर डोळे मिटून बसायचे. मी चिडवायचो, "मूर्तीपुढे वाकता, फुलं ठेवता, आणि वर म्हणता देव नाही. हे म्हणजे तिकीट काढून गाडीत न बसण्यासारखं झालं."

"मला काम शिकवणाऱ्या उस्तादापुढेही मी वाकायचो. तो काय देव होता?"

"बरं, मेल्यावर काय होतं तुमच्यात?"

"विहारातले बरेच जण पुढचा जन्म मानतात. माझं आणि त्यांचं यावरून वाजतं कधीकधी. मी नाही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही. जे तपासलं नाही त्यावर मी सही करत नाही."

खोटं बोलायचं नाही ही पंचशीलातली गोष्ट तर त्यांनी इतकी मनावर घेतली होती की आजूबाजूच्यांना ताप व्हायचा. मुलीच्या लग्नाचे फोटो मी मोठ्या हौसेने दाखवले, तर म्हणाले, "तुझा कोट आखूड झालाय." माझ्या बायकोने विचारलं, "भाऊजी, मी जाड झाले का हो?" तर तिला नीट पाहून म्हणाले, "थोड्या." ती महिनाभर त्यांचं नाव काढू देत नव्हती. पण लिफ्टचा दोर किती दिवस टिकेल, ब्रेक बदलायला हवा की नको, हे त्यांनी सांगितलं की अधीक्षकसुद्धा दुसरा प्रश्न विचारत नसत. अशा माणसाच्या जबानीला वजन असतं, म्हणूनच मी बाकावर असा अंग आवळून बसलो होतो.

अपघात गुरुवारी सकाळी नऊला झाला. तिसऱ्या मजल्यावर मी दारं उघडली आणि वॉर्डातल्या एक आया रिकामी ट्रॉली ढकलत बाहेर निघाल्या. त्यांना सगळं रुग्णालय मावशी म्हणतं. ट्रॉली बाहेर गेली होती, मावशींचा एक पाय बाहेर, एक आत. आणि दारं सताड उघडी असताना लिफ्ट वर निघाली.

हे होऊच शकत नाही. दाराला एक कॉन्टॅक्ट असतो. दार पूर्ण मिटलं की तो जुळतो आणि तो जुळल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही, वर कोणी कितीही बटणं दाबोत. पण ती हलली. मी लाल बटणावर हात मारेपर्यंत वीतभर वर गेली, मावशी तोल जाऊन पडल्या आणि त्यांचा पाय उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीत सापडून नडगीतून मोडला. मावशींचं ओरडणं मी विसरेन कदाचित, पण त्याच्या आधीचा तो बारीक आवाज विसरणार नाही.

मिस्त्री धावत आले. आधी मावशींना स्ट्रेचरवर घ्यायला हात लावला, मग एकटेच वर मशीनरूममध्ये गेले. वीस मिनिटांनी खाली येऊन त्यांनी रजिस्टरात लिहिलं: "लिफ्ट तपासली. दाराचा कॉन्टॅक्ट व्यवस्थित काम करत आहे."

त्याचा अर्थ कोणत्याही लिफ्टमनला कळतो: कॉन्टॅक्ट ठीक, म्हणजे चूक लिफ्टमनची. घाईच्या वेळी काही लिफ्टमन कॉन्टॅक्टच्या खाचेत पुठ्ठ्याची घडी खुपसतात. त्याने तो दाबलेला राहतो आणि दार पुरतं न लावता फेऱ्या मारता येतात. मीसुद्धा एकदा केलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, भयंकर उकाड्याच्या एका दिवशी, वारा यावा म्हणून. पकडलाही गेलो होतो आणि लेखी ताकीद मिळाली होती. अधीक्षकांनी तो कागद फायलीतून शोधून काढला आणि दुपारी मला घरी बसवलं.

घरी बसलेला लिफ्टमन काय करणार? मी पलंगावरून उठून खिडकीशी आणि खिडकीशी जाऊन पुन्हा पलंगावर. दुसऱ्या दिवशी मला असं वाटायला लागलं की कदाचित मीच पुठ्ठा घातला असेल आणि विसरलो असेन. तिसऱ्या दिवशी तर तो पुठ्ठा मला दिसायला लागला. औषधाच्या खोक्याचा, निळ्या रंगाचा. तुम्ही म्हणाल असं कसं होईल, पण बावीस वर्षांत दाराला लाखो वेळा हात लावलेल्या माणसाने कुठल्या एका वेळेची खात्री द्यायची?

मी मिस्त्रींना फोन केला. "कॉन्टॅक्ट जुना आहे, मधे मधे अडकतो, एवढं म्हणा ना सोमवारी. तुमचं काय जातं?"

ते म्हणाले, "सोमवारी बघू." आणि फोन ठेवला.

मला संताप आला. बावीस वर्षांचा चहा पाण्यात गेला म्हटलं. याच्या शीलापायी माझी मान कापली गेली तरी हा डोळे मिटून बसणार. रविवारी सकाळी मी तडक विहारात गेलो, चार खडे बोल सुनावायचे म्हणून.

विहार म्हणजे एका चाळवजा इमारतीतला खालचा लांब हॉल. चटया, एका टोकाला मूर्ती, खिडक्या उघड्या. दारात एक म्हातारे भिक्खू चपला नीट लावून ठेवत होते. लोक कशाही काढून जातात आणि हे एकेक जोड सरळ करतात.

"आत बसायचंय?" त्यांनी विचारलं.

"नाही. मला एक सांगा, तुमच्यात देव आहे का नाही? एकदाच काय ते सांगून टाका."

माझा सूर भांडणाचा होता. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. "जुनी माणसं सांगतात, देव आहेत, पुष्कळ आहेत. पण तेही आपल्यासारखेच अडकलेले. त्यांनाही सुटायचंय. आणि काही जण म्हणतात, देव वगैरे काही नाही. दोघंही इथे शेजारी शेजारी बसतात."

"मग प्रार्थना कोणाची करायची?"

"तुम्हाला दुखतंय कुठे, ते आधी सांगा," ते म्हणाले.

मला एकदम रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी आत बघायला लागलो. तिसऱ्या रांगेत मिस्त्री होते. हा माणूस एकदा बसला की तासभर दगड, असं मी ऐकून होतो. पण ते सारखे हलत होते. मांडी बदलत होते, डोळे उघडत होते, मिटत होते. थोड्या वेळाने ते उठून खिडकीशी गेले, पुन्हा येऊन बसले, पुन्हा उठले. शेजारचे लोक चुळबुळायला लागले. तेव्हा त्यांची नजर दाराकडे वळली आणि मी त्यांना दिसलो. मला पाहून या माणसाच्या चेहऱ्यावर भीती आली. माझी भीती कोणाला वाटावी असा मी कधीच नव्हतो. मी तसाच घरी आलो.

त्या रात्री मी हात जोडले. देवा, म्हटलं, त्यांच्या तोंडून काहीतरी बोलव.

आणि आता सोमवारी सकाळी देवाचंच नाव घ्यायला ते तयार नव्हते.

"अहो, ती ओळ छापलेलीच आहे," कारकून कुरकुरला.

"खोडा ना," अधीक्षक म्हणाले. "पेनने खोडा आणि 'खरे सांगेन' एवढंच ठेवा."

कारकुनाने ओळ खोडली. वकील मात्र सोडायला तयार नव्हते. कदाचित त्यांना खरंच कुतूहल वाटलं असेल. "एक विचारू? देव नाही, बुद्ध बघत नाही. मग तुम्हाला खोटं बोलण्यापासून अडवणारं कोण आहे?"

मिस्त्रींनी कारकुनाने खोडलेल्या ओळीकडे पाहिलं.

"कोणीच नाही साहेब," ते म्हणाले. "तेच सांगायला आलोय. चार दिवस मला कोणीच अडवलं नाही."

खोलीत कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

"बुधवारी संध्याकाळी मी त्या लिफ्टच्या दाराचा कॉन्टॅक्ट तपासत होतो. दोष कॉन्टॅक्टमध्ये आहे की पुढे, हे शोधायला आम्ही मशीनरूममधल्या पॅनेलमध्ये एक तार जोडून कॉन्टॅक्टला वगळतो. काम झालं की तार काढायची. मी जोडली. तेवढ्यात दुसरी लिफ्ट पेशंटसकट अडकल्याचा फोन आला, मी पळालो. तासाभराने परत आलो, पॅनेलचं दार लावलं, कुलूप घातलं, घरी गेलो. तार आत राहिली. तिच्यामुळे लिफ्टला दार उघडं असलं तरी बंद वाटत होतं. गुरुवारी वरच्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं आणि ती निघाली. लिफ्टमनने काही केलेलं नाही. पुठ्ठा नव्हता. माझी तार होती."

"पण तुम्ही तर रजिस्टरात लिहिलंय, कॉन्टॅक्ट व्यवस्थित आहे," अधीक्षक म्हणाले.

"आधी तार काढली, खिशात घातली, मग लिहिलं. तार काढल्यावर कॉन्टॅक्ट व्यवस्थितच होता. एकही शब्द खोटा न लिहिता मी खोटं बोललो. एकतीस वर्षांत कधी चूक नाही, त्याचा गर्व होता मला. तो सोडवेना."

वकील पुढे झुकले. आवाज खाली आणून म्हणाले, "टायपिंग थांबवा जरा. मिस्त्री, ती तार कोणी पाहिली होती?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. तुमचा परवाना जाईल, हे कळतंय ना तुम्हाला? मग आज का सांगताय?"

मिस्त्री माझ्याकडे वळले. "हा देव मानतो. याच्या हातून असं काही झालं असतं तर रात्री हात जोडून रडला असता, आणि वर कोणीतरी ऐकलं असं याला वाटलं असतं. मी काय करू? माझं ऐकायला वर कोणी नाही. तुम्ही आहात आणि हा आहे. केलेलं काम केलेलं राहतं साहेब. ते पुसणारा कोणी आहे असं वाटलं असतं तर मीही गप्प बसलो असतो. चार दिवस बसून पाहिलं, जमलं नाही. टाइप करायला सांगा. आणि ते चार दिवसही लिहा. चूक एका संध्याकाळची आहे, ते चार दिवस मी रोज ठरवून गप्प होतो."

कारकुनाची बोटं पुन्हा चालायला लागली. मी बाकाची कड घट्ट धरली होती. माझा जीव भांड्यात पडला होता आणि त्याच वेळी उठून मिस्त्रींच्या कानाखाली वाजवावी असंही वाटत होतं. निळा पुठ्ठा! मी दोन दिवस निळा पुठ्ठा बघत होतो, आणि याच्या खिशात तार होती.

बाहेर व्हरांड्यात ते माझी वाट पाहत उभे होते. मी आलो तसे समोर आले, हात शरीरालगत सरळ सोडून.

"मला माफ करशील?"

पण तोवर आनंदाने माझ्या रागावर मात केली होती. "अहो, देवाने ऐकलं माझं!" मी म्हणालो. "रात्रीच मागितलं होतं त्याच्याकडे, तुमच्या तोंडून काहीतरी बोलव म्हणून. त्याने नास्तिकाच्या तोंडून खरं वदवलं! सगळं तोच करतो, मी कोण माफ करणारा?"

"त्याने गुरुवारीच वदवलं असतं तर तुझी चार दिवसांची झोप वाचली असती," मिस्त्री म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. मी बायकोला फोन करायला पुढे गेलो.

मी मंगळवारी कामावर रुजू झालो. मिस्त्रींचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला गेला. तळघरातल्या भांडारात त्यांची बदली झाली, दिवे, फडकी, बादल्या वाटायच्या कामावर. गच्चीवर बाहेरच्या कंपनीचा एक तरणाबांड मेकॅनिक येऊ लागला. हुशार आहे, शिट्टी वाजवत काम करतो. लोकांना वाटलं मिस्त्री खचतील. पण ते तळघरात बसून प्रत्येक दिवा होल्डरमध्ये लावून, पेटतो याची खात्री करून मगच देत. त्यामुळे भांडारापुढे रांग लागायची आणि सगळे त्यांना शिव्या घालायचे. चार वाजता मी थर्मास घेऊन आता खाली जायला लागलो. वाद मात्र होईना. मी देवाचा विषय काढला की ते ऐकून घेत, आणि समोरून टोला येत नसेल तर वाद घालण्यात काय मजा?

तीनेक आठवड्यांनी, एका संध्याकाळी ड्यूटी संपवून मी मावशींना बघायला गेलो. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही. मी लिफ्टमन असून तिथवर पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला. मावशी पलंगावर, प्लॅस्टर लावलेला पाय दोन उशांवर, शेजारी कुबडी. सून स्वयंपाकघरात होती.

"तुझा तो मिस्त्री रोज येतो रे," मावशींनी मी टेकण्याआधीच सुरुवात केली. "रोज सहाला. दारात उभा राहतो. आत ये म्हटलं तर येत नाही."

"काय म्हणतो?"

"पहिल्या दिवशी सगळं सांगितलं त्याने. तारेचं, चार दिवसांचं. मग म्हणाला, माफ कराल का? मी म्हटलं, देव करील तुला माफ, जा. तर म्हणाला, 'त्याला मी ओळखत नाही मावशी. पाय तुमचा मोडलाय. तुम्ही करता का?'"

"मग?"

"मग मी पण विचारात पडले. आजवर असं मला कोणी विचारलंच नव्हतं. एवढी माणसं येऊन गेली आयुष्यात, कोणी हात टाकला, कोणी टाकून बोललं, आणि सगळे आपापल्या देवाकडे जाऊन मोकळे झाले. मी खरंच शोधून पाहिलं मनात, तर माफी नव्हती. पाय ठणकतो रात्रभर. मी म्हटलं, आज नाही. तर म्हणाला, 'बरं, उद्या येतो.'" मावशींनी उशी सारखी केली. "खोटं कशाला बोलू त्याच्याशी? तो माझ्याशी खोटं नाही बोलला."

बरोबर सहाला दारावर टकटक झाली. मिस्त्री उंबऱ्याबाहेर उभे होते, भांडाराच्या धुळीने शर्ट मळलेला. मला पाहून त्यांनी फक्त मान हलवली.

"आज थोडं कमी दुखतंय," मावशी पलंगावरून म्हणाल्या. "पण आज नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले. "उद्या येतो."

मीही उठलो आणि त्यांच्याबरोबर जिना उतरायला लागलो. जिना अरुंद, एकामागून एक जावं लागतं. मी त्यांच्या मागे होतो.

"किती दिवस येणार असं?"

"त्या हो म्हणेपर्यंत."

"आणि नाहीच म्हणाल्या तर?"

"तर नाही. ते त्यांच्या हातात आहे."

त्यांच्या आवाजात कसली तक्रार नव्हती. उद्या दोराला तेल द्यायचंय असं सांगावं तितक्या सरळपणे ते बोलले. मला माझीच शरम वाटली. त्या बाईने ठणकणाऱ्या पायाने तीन आठवडे रोज त्यांच्या प्रश्नाचा विचार केला होता. मलाही त्यांनी विचारलं होतं, आणि मी अर्ध्या मिनिटात तो प्रश्न देवाकडे ढकलून फोन करायला पळालो होतो.

"मिस्त्री," मी म्हणालो. "त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही मला विचारलं होतंत."

"हो."

"मी उत्तर दिलं नव्हतं."

"नाही दिलंस."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, जाऊ दे रे, त्याचं काय एवढं. ते तसं म्हणाले नाहीत. उतरायचे थांबले, पण मागे वळले नाहीत.

"मला वाटत होतं मीच पुठ्ठा घातला आणि विसरलो," मी म्हणालो. "चार दिवस मी बायकोच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. आणि तुमच्या खिशात तार होती. मला राग आहे त्याचा. अजून आहे."

"हं."

"तरी मी माफ केलं. देवाने नाही. मी केलं."

त्यांनी कठड्यावर हात ठेवला, आणखी दोन पायऱ्या उतरले आणि तिथेच बसले.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी येतो थोड्या वेळाने."

मी पुढे गेलो नाही. त्यांच्या वरच्या पायरीवर बसलो. खालून एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढत आल्या आणि आम्हाला पाहून थांबल्या. आम्ही दोघांनी गुडघे एका बाजूला घेतले आणि त्यांना वाट करून दिली.